हा तागा कोणत्या पार्टीचा?

मास्तर प्रभूची प्रार्थना म्हणत नसत. आमच्या ख्रिस्ती मंडळीत जी प्रार्थना शाळेत न गेलेल्या पोरांनाही पाठ असते, ती रविवारी सुरू झाली की मास्तर उभे राहत, मान खाली घालत आणि ओठ घट्ट मिटून घेत. शेवटी सगळ्यांबरोबर त्यांचं ‘आमेन’ मात्र मोठ्याने होई. मधलं काहीच नाही. हे मला ठाऊक होतं, कारण मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवत असे. पंचकमिटीच्या सेक्रेटरीला ते ठेवावे लागतात, असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

एका रविवारी उपासना सुटल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. “मास्तर, प्रभूने स्वतः शिकवलेली प्रार्थना तुम्हाला चालत नाही?”

त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि हसून म्हणाले, “चालते की. पण तो तागा आपल्या पार्टीचा नाही, सेक्रेटरीसाहेब.”

हे वाक्य मी घरी आल्याबरोबर वहीत उतरवून ठेवलं. माझी तशी एक वही होती. तिच्याबद्दल पुढे सांगावं लागेल. खरं म्हणजे तिच्यापायीच हे लिहायला बसलो आहे.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. भिवंडीच्या नारपोलीत एका सेठच्या गाळ्यात ते चेकिंग-फोल्डिंगचं काम बघत. भिवंडीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कोरं कापड अशा गाळ्यात येतं. ते टेबलावरून ओढत तपासायचं, तार तुटलेली किंवा तेलाचा डाग दिसला की कडेला लाल दोऱ्याची गाठ मारायची, मग घड्या घालून तागा बांधायचा आणि ज्या व्यापाऱ्याचा माल असेल त्याचा छाप वर मारायचा. त्या व्यापाऱ्याला म्हणायचं पार्टी. एकाच गाळ्यात चार-पाच पार्ट्यांचा माल पडलेला असतो आणि सगळं कापड दिसायला सारखंच, मळकट पांढरं. एका पार्टीचा तागा दुसरीच्या छापाखाली गेला की गाळ्यात रणकंदन. मास्तरांनी उभा जन्म हेच काम केलं. छाप उचलण्याआधी ते तागा दोन्ही हातांनी दाबून बघत आणि स्वतःशीच पुटपुटत, “हा तागा कोणत्या पार्टीचा?”

शुभवर्तमानालाही त्यांनी हाच प्रश्न लावला होता.

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात. भिवंडीत राहणाऱ्याला शांतता कशी असते ते शुक्रवारीच कळतं. सेठ दुपारी नमाजाला निघताना मास्तरांना किल्ली देत. “जुम्मे को गाला खाली ही रहता है, मास्तर। बैठो तुम लोग। बस, जाते टाइम पंखा बंद करना।” मग लूमवाले, कांडीवर सूत भरणाऱ्या बायका, गोदामात हमाली करणारे, असे तीसेक लोक ताग्यांवर आणि गोणपाटांवर बसत. आठवडाभर खटखटाटात राहून सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. पहिली दहा मिनिटं सगळे ओरडतच बोलायचे, आणि मग आपल्याच आवाजाने ओशाळून गप्प व्हायचे. तेव्हा मास्तर सुरुवात करीत.

टेबलावर ते एक कापड पसरत. सात-आठ मीटरचा डागी तुकडा, त्यावर कापडाच्या गठ्ठ्यांवर नाव घालायला वापरतात त्या काळ्या शाईने सात चौकोन काढलेले. निरागसपणाचं युग, विवेकाचं, मनुष्याच्या सत्तेचं, अभिवचनाचं, नियमशास्त्राचं, कृपेचं आणि शेवटचं राज्याचं. आपण सहाव्यात. देव एकच, पण प्रत्येक युगात त्याने माणसांशी वेगळा कारभार ठरवला, असं मास्तरांचं म्हणणं. “यहूदी, परराष्ट्रीय आणि मंडळी, म्हणजे आपण. शास्त्रात पार्ट्या तीन. सगळा माल आपल्या कामाचा आहे, पण सगळा आपल्या नावावर आलेला नाही. आधी छाप बघा, मग उचला.”

येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या कापडावर सहाव्या चौकोनात नव्हतंच. तिथून एक लांब बाण निघे आणि सातव्यात जाई. “राजा आला. राज्य देऊ केलं. ज्यांच्यासाठी आणलं त्या यहुद्यांनी घेतलं नाही. म्हणून माल रद्द झाला का? नाही. गोदामात ठेवलाय. राजा पुन्हा येईल तेव्हा सुटेल. हे प्रवचन म्हणजे त्या राज्याचा कायदा.” आणि त्याच प्रवचनातली प्रभूची प्रार्थना? तिच्यात आपण जशी दुसऱ्यांना माफी दिली तशी आम्हाला दे, असं मागणं आहे. मास्तर म्हणत, “तिथं तुम्ही आधी द्या, मग मिळेल. आपल्याकडे आधी मिळालंय, म्हणून द्यायचं. हा फरक ज्याला कळला नाही तो आयुष्यभर घाबरत जगतो, आपण पुरेशी माफी दिली का म्हणून.”

असे शिकवणारे तुम्हीही पाहिले असतील. कुणाच्या तरी ओट्यावर, कुणाच्या गच्चीवर, हातात तक्ता आणि तोंडात युगं. मला त्यांचा पहिल्यापासून संशय येतो. मास्तरांचा तर जास्तच आला, कारण त्यांचं बोलणं कुठे अडखळत नव्हतं. मी घरी बसून एक यादी केली. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा: त्या पार्टीचं. वैऱ्यावर प्रीती करा: त्या पार्टीचं. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर: तेही त्याच पार्टीचं, कारण वेदी आणि मंदिर यहुद्यांचं. म्हणजे जे जे अवघड, ते ते दुसऱ्याच्या नावावर. माणूस असं उगीच करत नाही, असं माझं मत झालं. याला काहीतरी टाळायचं आहे. याच्या आयुष्यात एखादा भाऊ आहे, ज्याच्याकडे जायची याची छाती होत नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांनाही काळजी होती, पण निराळी. “आपले वीस-बावीस लोक शुक्रवारी तिकडे जातात,” ते मला म्हणाले. “तुम्ही जाऊन बसा. काय शिकवतो ते नीट टिपून आणा.” मी कशेळीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेबनीस. शुक्रवारी दुपारी सुट्टी टाकणं सोपं नव्हतं, तरी मी टाकू लागलो. वही घेऊन मागच्या ताग्यावर बसायचो. मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “लिहून घेतोस? बरं झालं. अक्षर चांगलं असेल तर माझ्या कापडावरची नावंही पुन्हा काढून दे. पुसट झालीत.” मी ती काढून दिली. हेरगिरीला जाऊन हेरल्या जाणाऱ्याचंच काम केलं, आणि तेही मनापासून. त्यातही मला वाटलं की हा मला गुंडाळतो आहे.

शांताबाई म्हणून एक विधवा बाई शुक्रवारच्या त्या वर्गात होत्या. कांडी भरून दोन मुली वाढवलेल्या. एका शुक्रवारी त्या मध्येच उभ्या राहिल्या.

“मास्तर, उद्याची काळजी करू नका, आकाशातली पाखरं बघा, ते पण डोंगरावरचंच ना?”

“हो बाई.”

“म्हणजे ते पण आपलं नाही?”

मास्तरांनी कापडावरच्या बाणाकडे पाहिलं.

“मग आमचे हे गेल्यापासून मी कुणाचं वचन उशाला घेऊन झोपतेय? चोरीचं का?”

काही लोक हसले. मी वहीत पेन टेकवून तयार होतो. आता हा काहीतरी कोलांटउडी मारणार. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बाई, पाखरांना घालणारा बाप पार्टी बघून घालत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही झोपा बिनघोर. पण माझ्या छापात तिथं काहीतरी चुकतंय. मला बघू द्या.”

सगळे गेल्यावर मी पंखा बंद करायला थांबलो होतो. मास्तरांनी खिशातून लाल दोऱ्याची रीळ काढली आणि सातव्या चौकोनाच्या कडेला, जिथे तो बाण येऊन थांबत होता, तिथे एक गाठ मारली. तिथे आधीच्या दोन गाठी होत्या. त्या मी शोभेच्या समजत होतो.

“या कसल्या?”

“डाग सापडला की काय करतात? तपासणी झाली नाही अजून तिथली. माझं कापड आहे म्हणून त्यात दोष नसेल होय?”

खरं तर इथेच माझा संशय संपायला हवा होता. स्वतःच्या शिकवणीवर जो स्वतः लाल गाठ मारतो, त्याच्यापासून लपवाछपवीची भीती नसते. पण संशयाला असं काही पुरत नाही. मी वहीत लिहिलं: ‘स्वतःच्या शिकवणीबद्दल स्वतःलाच खात्री नाही.’ वाक्य खोटं नव्हतं.

मग मला त्यांचा शनिवार सापडला.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मास्तर कुठेतरी जात. गाळ्यात विचारलं तर पोरं म्हणत, “क्या मालूम, मास्तर बोलता नहीं।” शांताबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे विचारायचं नाही.” मला हे उत्तर फारच संशयास्पद वाटलं. पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी सकाळी स्टँडवर जाऊन थांबलो. मास्तर कापडी पिशवी घेऊन आले आणि गणेशपुरीच्या एसटीत चढले. मीही चढलो, मागच्या दाराने, नाकातोंडाला रुमाल बांधून. धूळ एवढी असते की रुमालाचं कुणाला काही वाटत नाही.

गणेशपुरीला गाडीतून आश्रमाला जाणारे बरेच लोक उतरले. हातात हार, फुलं, नारळ. मास्तर त्यांच्यातच उतरले आणि त्यांच्याबरोबरच त्या रस्त्याने चालू लागले. मी स्टँडवरच्या टपरीशी उभा राहून बघत होतो. त्यांचा पांढरा शर्ट बाकीच्या पांढऱ्या शर्टांत मिसळला. समोरच परतीची गाडी लागली होती. कंडक्टरने घंटी वाजवली. मी चढलो.

एवढंच मी पाहिलं. रस्ता पाहिला. पण वहीत लिहिलं की मास्तर दर महिन्याला गुपचूप आश्रमात जातात.

लिहिताना मला काही खटकलं नाही. उलट मन हलकं झालं. प्रभूचे शब्द बाजूला सारणारा माणूस शेवटी कुठे जाऊन पोचतो ते आता सिद्ध झालं, असं वाटलं. आश्रमात जाणाऱ्या हजारो माणसांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती त्यांच्या श्रद्धेने जातात. पण आमच्या मंडळीत, शुक्रवारी शास्त्र शिकवणाऱ्याबद्दल हे वाक्य उच्चारणं म्हणजे त्याचा निकाल लावणं, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं.

वही पाळकसाहेबांकडे गेली आणि पंचकमिटीने मास्तरांना बोलावलं. मी सेक्रेटरी, म्हणून इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात.

“तुम्ही दर महिन्याला गणेशपुरीला जाता?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“जातो.”

“कशाला?”

“ते माझं आणि एका माणसाचं आहे.”

“आश्रमात जाता?”

मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी खाली बघून लिहीत होतो. “नाही,” ते म्हणाले.

“मग कुठे जाता ते सांगा. आमचं समाधान होईल.”

“ते सांगायचं तर दुसऱ्या माणसाचं दुःख चव्हाट्यावर मांडावं लागेल. ते माझ्या हातात नाही. तो तागा तुमच्या पार्टीचा नाही, पाळकसाहेब.”

कमिटीतले एक सभासद टेबलावर हात आपटून म्हणाले, “बघा, इथंपण तेच!” आणि सगळे हसले. त्या हसण्यातच ठराव झाला. सभासदांनी शुक्रवारच्या वर्गाला जाऊ नये असं पुढच्या रविवारी वाचून दाखवण्यात आलं. मास्तरांना गेलेलं पत्र माझ्या अक्षरात होतं.

वर्ग तीसवरून नऊवर आला, मग पाचवर. शांताबाई राहिल्या. आणि गंमत म्हणा, पाप म्हणा, मीही राहिलो. कमिटीला वाटे की मी अजून पाळत ठेवतो आहे. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. त्या उतरलेल्या वर्गात मास्तर ज्या सावकाशीने पाच माणसांना शिकवत, जणू तीसच बसलेत, ते बघणं ही मी स्वतःला दिलेली शिक्षा होती. आणि आत कुठेतरी भीती, की यांना कळलंय का, कुणी लिहिलं ते. सेठ मला एकदा गाळ्याच्या दारात म्हणाले, “भाई, तुम्हारे लोग कम क्यूं हो गये? मास्तर तो वही है।” मी म्हणालो, “पावसाचे दिवस आहेत.” तेव्हा मार्च चालू होता.

पुढच्या वर्षी मास्तरांचे गुडघे गेले. एका शुक्रवारी त्यांनी मला थांबवलं. “उद्या मोकळा आहेस? गणेशपुरीला यायचंय. पिशवी जड आहे, आणि चढताना हात लागतो आता.”

मी हो म्हणालो. रात्रभर विचार केला, हा सापळा तर नाही?

उतरल्यावर आम्ही त्याच रस्त्याने निघालो. आश्रमाकडे जाणारी माणसं पुढे गेली आणि मास्तर डावीकडे वळले. टपरीपासून ते वळण जेमतेम दोनशे पावलांवर होतं. मी त्या दिवशी दोनशे पावलं चाललो असतो तर मला ते दिसलं असतं. पुढे भाताची कापलेली खाचरं आणि बांध. बांधावरून माझा खांदा धरून चालता चालता मास्तर बोलले. आवाज गाळ्यात युगं समजावताना असे तसाच, सरळ.

“आम्ही दोघं एकाच टेबलावर होतो, मी आणि गोमा. तो इथला. मी एक तागा चुकीच्या छापाखाली टाकला. पार्टी येऊन बोंबलायला लागली. मुकादमाने विचारलं, कुणी मारला छाप? मी तोंडाने काही बोललो नाही. नुसतं बोट केलं गोमाकडे. त्याला त्याच दिवशी काढला. तो दारात उभा राहिला बराच वेळ. मला वाटतं, मी बोलेन म्हणून उभा होता. त्यानंतर त्याला भिवंडीत कुणी उभं केलं नाही.”

“तुम्ही सांगितलंत का त्याला नंतर?”

“सांगायला फार वर्षं लावली. इथं पहिल्यांदा आलो त्याच दिवशी सांगितलं. अकरा वर्षं झाली त्याला.”

“मग? काय म्हणाला?”

“अजून काही म्हणाला नाही. एक शब्द नाही.”

घराच्या ओट्यावर एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांत पांढरं पडलेलं. चाहूल लागताच त्याने मान वळवून घेतली. मास्तरांनी पिशवीतून चहापत्ती, साखर आणि बिस्किटं काढून उंबऱ्याच्या आत ठेवली. मग तांब्याभर पाणी घेतलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. ते गुडघे असे वाकताना काय होत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि त्या म्हाताऱ्याने, मान दुसरीकडेच ठेवून, एक पाय पुढे केला.

मास्तरांनी तो धुतला. पंच्याने पुसला. नंतर तागे कापायची आपली जुनी कात्री काढली आणि एकेक नख कापलं, फार जपून, कड धरून. मग दुसरा पाय. कोंबड्या मध्ये मध्ये येत होत्या, त्यांना मी हाकलत होतो. तेवढंच काम माझ्याकडे होतं.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, “मास्तर, म्हणजे ते वेदीचं वचन तुम्ही पाळताच की. आधी जाऊन भावाशी समेट कर.” इतक्या वर्षांच्या संशयाचा कुठेतरी मोबदला हवा होता मला. निदान त्यांची विसंगती तरी.

“वेदीचं नाही रे,” ते म्हणाले. “ते त्यांचंच. मी घेतलंय ते माडीवरच्या खोलीतलं. प्रभूला धरून दिलं त्या रात्री त्याने आपल्या माणसांना जे सांगितलं, एकमेकांचे पाय धुवा म्हणून, ते आपल्या छापाचं आहे. पक्कं बघितलंय मी. आणि तिथं समेट झाला पाहिजे असं कुठं म्हटलंय? पाय धुवा म्हटलंय.”

गाडी वज्रेश्वरी मागे टाकून निघाली. मला तेव्हाच सांगायचं होतं. मी शब्दही जुळवले होते. पण तोंडातून आला तो प्रश्न.

“मास्तर, समजा एखाद्याने भावाचं वाईट केलं. लपून केलं. तर आपल्या युगात त्याला ते वेदीचं वचन लागू आहे का?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चेकिंगच्या टेबलावर कापड सरकत असताना ते पाहत, तसं. खिशातून लाल दोऱ्याची रीळ काढली, थोडा दोरा बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडवला.

“नाही,” ते म्हणाले. “त्या वचनावर आपला छाप नाही.”

मी श्वास सोडला. तो त्यांना ऐकू गेला असणार.

“आणखी काही विचारायचंय?”

“नाही, मास्तर.”

“सांगायचं काही?”

“नाही.”

भिवंडी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माहीत होतं का? मला आजही संशय आहे की होतं, अगदी त्या कमिटीच्या दिवसापासून. माहीत असून त्यांनी मला गणेशपुरीला नेलं, माहीत असून मला सोयीचं उत्तर दिलं, कारण तेच त्यांच्या मते खरं होतं. मला अडकवण्यासाठी ते वचनाचा छाप बदलणारे नव्हते. माझ्यासाठी तेवढं खोटं जरी बोलले असते, तरी मी सांगून टाकलं असतं. पण हेही मी आता दुसऱ्यावर ढकलतो आहे.

दोन महिन्यांनी त्यांची मुलगी त्यांना जालन्याला घेऊन गेली. जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी ते सात चौकोनांचं कापड शांताबाईंना दिलं. “बाई, लाल गाठी सोडवू नका. तपासायचं राहिलंय.” माझ्या हातात त्यांनी हात दिला आणि म्हणाले, “सेक्रेटरी, अक्षर जप.” मी जालन्याला जाईन असं दर महिन्याला ठरवत होतो. पत्र लिहायला बसलो की वेदीचं वचन आपलं नाही, हे त्यांचंच वाक्य मला आठवे आणि मी पेन ठेवून देई. असे आठ महिने गेले. मग शांताबाईंच्या मुलीला फोन आला. मास्तर झोपेत गेले होते.

पंचकमिटीपुढे मी सगळं सांगितलं ते त्यानंतर. इतिवृत्ताच्या वहीत ठरावाच्या पानाला मी भोक पाडून लाल दोऱ्याची गाठ मारली. पाळकसाहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, इथे दोष आहे, आणि तो माझा आहे. एक सभासद म्हणाले, “आता काय उपयोग, माणूस गेला.” राजीनामा मी आधीच लिहून नेला होता. पण हे सगळं करायचं बळ आलं ते त्याआधीच्या एका शनिवारी.

मास्तरांच्या निधनानंतरचा तो पहिला दुसरा शनिवार. मी एकटाच एसटीने गेलो. आश्रमाच्या रस्त्यावर दोनशे पावलं मोजली, डावीकडे वळलो. गोमा ओट्यावर तसाच बसला होता. पावलांचा आवाज ओळखीचा नाही म्हणून त्याने मान वळवली नाही. उलट माझ्या दिशेने केली.

“कोन हाय?”

त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मास्तरांनी तो अकरा-बारा वर्षांत ऐकला नव्हता.

“मी मास्तरांबरोबर आलो होतो एकदा. मास्तर गेले, बाबा. जालन्याला, लेकीकडे.”

त्याने गुडघ्यावरचा हात खाली घेतला.

मग मी सांगितलं. काय सांगायचं ते ठरवून गेलो नव्हतो, पण सगळं बाहेर आलं. वही, रुमाल, टपरी, मी पाहिलेला रस्ता आणि न पाहिलेला आश्रम, कमिटी, ते पत्र, गाडीतला प्रश्न. जे मास्तरांना सांगायचं होतं ते मी अशा माणसाला सांगत होतो, ज्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चुकीच्या पार्टीकडे माल उतरवावा तसं. उतरवताना मला ते कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं.

गोमा ऐकत होता. मी संपवलं तेव्हा कोंबड्या माझ्या पायांपाशी आल्या होत्या.

“ह्ये मला कशाला सांगतोस?” तो म्हणाला. “त्याला सांगायचं व्हतं.”

“राहिलं.”

“व्हय. राहतं.” त्याने भिंतीला डोकं टेकलं. मग म्हणाला, “मी पन बोलायचा व्हतो त्याच्याशी. या पावसाळ्यानंतर.”

मी तिथेच खाली बसलो. थोड्या वेळाने गोमाने मान दुसरीकडे फिरवली आणि एक पाय पुढे केला. नखं फार वाढली होती.

“कातर आनलीस?”

नव्हती आणली. मी कबुली घेऊन गेलो होतो. दुसरं काही न्यायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं.